उद्या डब्याला काय? (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

ए-२०४: रात्रीचे साडेनऊ झालेत. ऑफिसचं काम उरकलं, त्याचं काही वाटत नाही. पण मघापासून फ्रीज उघडून उभी आहे. अर्धी जुडी मेथी, दोन वांगी, एक फ्लॉवर. उद्या डब्याला काय करायचं ते सुचतच नाही. घरात विचारलं तर "काहीही चालेल". खरं सांगते, रडू आलं. कुणाला असं होतं का?

बी-३०१: रोज गं. करायचा कंटाळा नाही, ठरवायचा आहे.

सी-१०१ काकू: मेथी कर, पिवळी पडेल. जे आधी खराब होणार ते आधी संपवायचं, मी चाळीस वर्षं तेच केलं. शिवाय आमच्याकडे वार ठरलेले. सोमवारी उसळ, म्हणजे रविवारी सकाळी मटकी भिजत, रात्री फडक्यात बांधून. बुधवारी पालेभाजी. शनिवारी पिठलं-भाकरी. मुलं कुरकुरायची, पण "आज काय" असं विचारायची वेळ आली नाही.

ए-७०२: मी मानसशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. मनाची ताकद वापरली की बॅटरीसारखी उतरते, असं पूर्वी ठामपणे सांगायचे. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासलं, तेव्हा तसं फारसं दिसलं नाही. त्यामुळे मी ते सांगत नाही. पण ताई, तुमचा थकवा खरा आहे. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये घरातल्या "डोक्यातल्या कामा"वर लिहिलं. त्याचे चार टप्पे: काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना बरेचदा दोघं असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक बाईकडेच. मेथी उरलीय हे लक्षात कुणाच्या असतं? तेच ते काम. "काहीही चालेल" म्हटल्याने त्यातलं काहीच कमी होत नाही.

बी-३०१: हे आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवते.

बी-६०३: मॅडम, मीही "काहीही चालेल" म्हणतो. मला वाटायचं, त्याने बायकोला त्रास होत नाही. आत्ताच तिच्याशी बोललो. मंगळवार आणि गुरुवारचा डबा माझा. काय करायचं ते मीच ठरवणार, भाजी मीच आणणार, तिला विचारायचं नाही.

सी-१०१ काकू: आणि तुझ्या बायकोला म्हणावं, त्या दिवशी तुला विचारू नकोस, कोथिंबीर घातली का म्हणून.

ए-२०४: मेथी निवडायला घेतली. नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं, आता समोर बसून तोही निवडतोय. शनिवारचं पिठलं पक्कं. काकू, तिघांना मटकी किती भिजवू?

सी-१०१ काकू: पाऊण वाटी पुरे. भिजून खूप होते.