लव्हेज म्हणजे ओवाच का? आणि वाळून परत फुटण्याला काय म्हणता?

मांजराकाठ:
भाची जर्मनीत असती, तिनं परसातल्या एका झाडावर लेख लिहिलाय, मामा मराठी करून दे म्हणली. झाड लव्हेज. डिक्शनरीत सरळ 'ओवा' दिलंय म्हणून मी ओवा ओवा लिहीत गेलो, अन् तिसऱ्या पानावर अडकलो. तिथं म्हणे हे हिवाळ्यात जमिनीबरोबर वाळून जातं आणि थंडी सरली की त्याच मुळातून फुटून पुरुषभर उंच होतं. आपला ओवा तर रब्बीला पेरला, काढला, संपला. मग ह्याला काय म्हणू? आणि ह्या वाळून परत फुटण्याला एक शब्द सांगा. 'बहुवार्षिक' लिहिलं तर बायको म्हणली कृषी खात्याचं पत्रक वाटलालंय.

तुरीचं_भुसकट:
संपतो कसा? आमचा ओवा आठ वर्षं झाली कुंडीत हाय, जाड पानाचा. पाऊस आला की भजी.

निंबोणी:
दादा तो पानओवा. तो तुळस-पुदिन्याच्या कुळातला, वास तेवढा ओव्याचा. खरा ओवा, जिरं, शेपू, कोथिंबीर हे छत्रीसारख्या फुलाचे, आणि लव्हेज त्यांच्यातलं.

तुरीचं_भुसकट:
मग आमची माय जन्मभर चुकीचं बोलली का? लोक म्हणतात तोच शब्द.

निंबोणी:
मायचं बरोबरच होतं हो, त्यांना भजी करायची होती, ह्यांना भाषांतर करायचंय.

जुना_कोश:
डिक्शनरीवाल्यांना एकदम शिव्या देऊ नका. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ साली लव्हेज 'लिगुस्टिकम' प्रजातीत घातलं, पुढं रॉक्सबर्ग ह्या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं आपला ओवाही त्याच प्रजातीत बसवला. नंतर दोघांची घरं वेगळी झाली, लव्हेज 'लेव्हिस्टिकम' झालं, ओवा 'ट्रॅकिस्पर्मम'मध्ये गेला, पण इंग्रजीत ओव्याला लव्हेज म्हणायची खोड काही गेली नाही. ओव्याच्या पुड्यावर 'लव्हेज सीड्स' छापलेलं मी स्वतः पाहिलंय.

गोदाकाठची:
लव्ह वरून आलंय ना? किती गोड 😍

जुना_कोश:
नाही ताई. इटलीतल्या लिगुरियावरून लिगुस्टिकम, ते लॅटिनमध्येच बिघडून लेव्हिस्टिकम, मग फ्रेंच लेव्हेश, आणि इंग्रजांच्या कानाला त्यात लव्ह ऐकू आलं. ओव्याचं मूळ संस्कृत यवानी. यवनांकडून आला म्हणून यवानी, असं माझं मत.

तुरीचं_भुसकट:
तुमचं मत. मला तर ओवी अन् ओवा एकच वाटतो, दोन्ही बाळंतिणीच्या खोलीतले.

शुद्धलेखक:
मूळ प्रश्नाकडे येतो. परकीय शब्द जसाच्या तसा उचलणे हा आळस आहे. 'गिरी-अजमोद' करावे.

निंबोणी:
अजमोद ही वेगळीच वनस्पती आहे सर, एक घोळ निस्तरताना दुसरा नको. आणि लातुरात गिरी कुठली, नुसतं माळरान. बटाट्याला तुम्ही काय म्हणता?

मांजराकाठ:
भाची म्हणती तिकडं लोक 'मॅगीक्राउट' म्हणतात, म्हणजे मॅगीचा पाला. चव त्या मॅगीच्या काळ्या सॉससारखी म्हणून, सॉसमध्ये हे झाड नसतंच! सेलरीपेक्षा उग्र, भांडंभर सूपला दोनच पानं घालायची म्हणे. देठ पोकळ असतो, पोरं त्यानं सरबत पितात.

ऊसवाला_पाथरी:
परत फुटणं म्हणजे खोडवा. सोपं.

शुद्धलेखक:
खोडवा म्हणजे ऊस कापल्यानंतर परत फुटतो तो. आपोआप वाळलेल्याला खोडवा म्हणत नाहीत.

ऊसवाला_पाथरी:
सर तुम्ही ऊस कधी लावला होता?

गोदाकाठची:
हळदीचा पाला वाळतो, कंद खाली राहतो, त्याला आमच्या वसमतकडं काहीतरी म्हणतात, आईला विचारून सांगते. पण बी मिळेल का हो? मला लावायचंय.

निंबोणी:
ताई त्याला खरी थंडी लागते. परभणीच्या मे महिन्यात ४२ च्या वर पारा, मुळं मातीतच शिजतील. शिवाय बी ताजंच लागतं, जुनं झालं की उगवत नाही.

तुरीचं_भुसकट:
ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल, इथं पोट जर्मनीत दुखलालंय अन् ओवा आपण हुडकलालोत 😂

मांजराकाठ:
मंडळी, मी सध्या 'लव्हेज' तसंच ठेवलंय. पण ते वाळून परत फुटण्याचं काय? ताई, आईला विचारलं का?

गोदाकाठची:
विचारलं. आई म्हणती हळदीचं राहू दे, त्या भाऊंना विचार पानओव्याची काडी देतात का, आमचा मागच्या उन्हाळ्यात गेला.

तुरीचं_भुसकट:
या की ताई. दोन काड्या न्या, मोडून खोचली तरी लागते.