मदत हवी आहे: विहिरीत डिझेल उतरलंय, जिवाणूंनी साफ होईल का?

नमस्कार मंडळी. शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळत होती. टाकी बदलली, पण विहिरीवर अजून तवंग येतो आणि बांधाकडच्या दोन गुंठ्यांत काही उगवत नाही.

टेरी या संशोधन संस्थेचे तेल खाणारे जिवाणू, 'ऑइलझॅपर', २०१० च्या तेलगळतीनंतर मुंबईच्या किनाऱ्यावर वापरले होते. अलास्कात १९८९ च्या गळतीनंतर तर खत टाकून तिथल्याच जिवाणूंना जोर दिला. मातीचं जमेल: नांगरट, ओल, नत्र-स्फुरद. पण भूजलातल्या जिवाणूंना लागणारा प्राणवायू पोचवायचा कसा? बोअरमधून हवा सोडणं कुणी केलंय का? खर्च किती आला? आणि पाण्यात बेंझीन (इंधनातलं विषारी रसायन) तपासून देणारी प्रयोगशाळा कुठली?

(दुकानदार कंपोस्टचं कल्चर गळ्यात मारतोय. त्यानं डिझेल कुजेल असं मला तरी वाटत नाही.)