मंत्र लांबवावा लागतो तेव्हा: समजुती तपासणाऱ्यांचे पडद्यामागचे अनुभव

मंडळी, समजुती तपासणारे प्रयोग आपण बहुतेकांनी प्रेक्षक म्हणून पाहिलेत. शाळेच्या पटांगणात कुणी नारळातून आग काढतं, जिभेवर कापूर जाळतं, मग ते कसं केलं हे सांगतं. टाळ्या होतात, पोरं घरी जातात. या धाग्यात टाळ्यांच्या आधीचं आणि नंतरचं लिहा. सामान कुठून मिळवलं, काय पेटलंच नाही, कोण रुसलं, कुणी कोपऱ्यात गाठून काय विचारलं. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यक्रमातले अनुभव चालतील, घरच्या ओट्यावरचेही चालतील. प्रवचन नको आणि कुणाची टर नको, एवढंच सांगणं.

रसायनशास्त्राची शिक्षिका, सातारा जिल्हा

‘मंत्राने अग्नी’ हा आमचा हुकमी प्रयोग. कुंडात कागदाचे कपटे, त्यात लपवलेली पोटॅशियम परमँगनेटची पूड आणि वरून ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन. ऑक्सिडीकरण सुरू होतं, उष्णता साठत जाते आणि कागद भडकतो. पुस्तकात एवढंच असतं. थंडीत ग्लिसरीन घट्ट होतं आणि अभिक्रियाही रेंगाळते, हे प्रत्यक्ष करायला लागल्यावर कळतं. मे महिन्यात दोन ओळींचा मंत्र पुरतो. डिसेंबरात महाबळेश्वरच्या बाजूला सकाळची शाळा असली की मंत्र संपतो आणि कुंड आपलं थंडगार! त्यासाठी आमच्यातल्या एका सरांनी खास मंत्र बसवलाय. धीरगंभीर आवाजात ‘हायड्रोजनाय नमः, हेलियमाय नमः’ अशी आवर्तसारणी. बहुतेकदा ऑक्सिजनच्या आसपास धूर येतो, कडाक्याची थंडी असली तर अ‍ॅल्युमिनियम गाठावं लागतं. दहावीच्या पोरांना मंत्र ओळखू येतो, ती खुसुखुसू हसायला लागतात. परमँगनेटचे खडे मोठे असले तर आणखी उशीर, म्हणून आदल्या रात्री ते खलात घोटून ठेवायचे, दुसरं काहीही न मिसळता. त्याने बोटं तपकिरी होतात, लिंबू चोळल्याशिवाय जात नाहीत.

एका गावात कार्यक्रम उरकून सामान भरत होतो. एक आजी मागे आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पुडीही हातात घेऊन पाहिली होती. तरी म्हणाल्या, “बाई, ते समदं खरं. पर तुमच्या हाताला गुण हाय. सुनंसाठी चिमूटभर राख द्या.” मी पुन्हा कुंड मांडलं, चमचा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हाला येईल तो मंत्र म्हणा. आजींना लाज वाटली. मग त्यांनी बाजाराची यादी म्हटली, पावशेर तेल, अर्धा किलो साखर, काडेपेटी. काडेपेटीला भडका उडाला! त्या केवढ्यांदा हसल्या. मग मी सुनेचं विचारलं. ताप येत-जात होता, पण आरोग्य केंद्रात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार आणि वर एसटीचं भाडं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाने मोटारसायकलवरून दोघींना नेलं. कार्यक्रमाच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मात्र ठरेना.

निवृत्त अभियंता, नाशिक

२६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण. ग्रहणात परातीतल्या पाण्यात मुसळ आधाराशिवाय उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की पडतं, ही समजूत तपासायची ठरली. पहिली अडचण म्हणजे मुसळ. आमच्या अख्ख्या सोसायटीत एक नाही! शेवटी घाणा भरायला ठेवलेलं एका मंगल कार्यालयातून आणलं, आंब्याची पानं बांधलेल्या दोऱ्यासकट.

आदल्या संध्याकाळीच ते परातीत उभं केलं. तळ सपाट, परात सपाट, गुरुत्वमध्याची रेषा तळाच्या आत, मग न उभं राहायला काय झालं? पाणी नव्हतं तरी उभं राहिलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, “अरे, सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. राहणारच उभं.” ग्रहण सुटल्यावरही ते पडलं नाही, तेव्हा उत्तर आलं की परिणाम थोडा वेळ टिकतो. मग मी वही काढली. कुठल्या दिवशी मुसळ पडलंच पाहिजे, ते मावशींनीच लिहायचं. त्यांनी ग्रहणानंतरची एक साधी तारीख लिहून सही केली. त्या दिवशी स्वतः येऊन त्यांनीच मुसळ उभं केलं, आणि “परात चांगली आहे तुझी,” एवढं बोलून चहा प्यायला बसल्या. तेव्हापासून माझा प्रत्येक प्रयोग वहीपासून सुरू होतो.

संख्याशास्त्राचा प्राध्यापक, पुणे

वरच्या वहीला माझा नमस्कार. पुण्यात झालेल्या फलज्योतिषाच्या चाचणीतही सगळा जीव आधी ठरवलेल्या अटींतच होता. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. २०० मुलांच्या पत्रिका, १०० हुशार आणि १०० मतिमंद. ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कुठली कोणाची ते सांगायचं. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर, नुसतं नाणं उडवून सांगितलं तरी ५० च्या आसपास येतात. निष्कर्ष पुढच्या वर्षी ‘करंट सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आले.

मी त्या चाचणीत नव्हतो, मी ती वर्गात खेळतो. २७ मुलं, प्रत्येकाने ४० वेळा नाणं उडवायचं. छापा म्हणजे हुशार. उत्तरपत्रिका पाकिटात बंद, आणि पाकीट ग्रंथपालबाईंकडे, कारण माझ्या चेहऱ्यावर पोरांना उत्तरं वाचता येतात. (बाई पाकीट कुणालाही देत नाहीत. मलाही एकदा ओळखपत्र मागितलं.) त्या चाचणीतल्या सर्वांत यशस्वी ज्योतिषाची ४० पैकी २४ बरोबर होती. माझ्या वर्गात एखादा नाणेवाला २५-२६ वर सहज जातो, सत्तावीस जणांत तेवढं अपेक्षितच आहे. मग त्या मुलाला ‘महाराज’ हे नाव पडतं, वर्षभर निघत नाही. एका महाराजाला मित्र क्रिकेटच्या सामन्याआधी खरोखरच विचारायला लागले. गंमत म्हणून सुरू झालं, नंतर त्यात गंमत किती उरली ते मला सांगता येणार नाही. मी त्याला पुन्हा ४० वेळा नाणं उडवायला लावलं. १७.

गृहिणी, डोंबिवली

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. मी तेव्हा कॉलेजात होते. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. ओल्या मूर्तीवर ते दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हे दाखवलं होतं. आम्ही जिलबीचा केशरी रंग घातला. पितळी गणपतीच्या पोटावरून केशरी ओघळ आला. भाऊ मग हट्टालाच पेटला, कुकरच्या शिट्टीला दूध पाजलं, चावीला पाजलं, दोन्ही प्यायली. आईचं म्हणणं वेगळंच होतं: “कळलं सगळं. आता चिंच घ्या आणि देव घासा.”

कार्यकर्ता, मराठवाडा

निखाऱ्यांवरून चालण्याबद्दल थोडक्यात. लाकडी कोळशाची उष्णतावाहकता कमी असते, वर राखेचा थर असतो आणि पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून भाजत नाही. हे सगळे सांगतात. खिळ्यांचं कुणी सांगत नाही. आयोजक हौसेने जुन्या खोक्यांच्या फळ्या आणून ठेवतात आणि त्यात खिळे असतात. तापलेलं लोखंड पावलाला सूट देत नाही. त्यामुळे दुपारभर मी चुंबक घेऊन लाकूड तपासत बसतो. पायाला काही लावता का, असं विचारतात. लावत काही नाही, उलट पाय कोरडे पुसतो, ओल्या तळव्याला निखारा चिकटतो. आणि हे वाचून घरी करू नका, मीही अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय उतरत नाही.

सर्पमित्र, सांगली

माझा अनुभव प्रयोग न करण्याचा. नागपंचमी आली की शाळेतून फोन येतो, नाग घेऊन या, दूध पीत नाही ते दाखवा. नाग पकडून खेळ करणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि त्याच्यापुढे वाटी ठेवणं म्हणजे गारुड्याचंच काम मी करायचं. तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो, दूध फुप्फुसात गेलं तर मरतो. मी रबराचा नाग नेतो. पुंगीऐवजी मूठ हलवून, खरा नाग हालचालीमागे कसा फिरतो ते दाखवतो. पोरं नाराज होतात. पहिल्या रांगेत हमखास एक आवाज असतो, “काका, हा तर चायनाचा!”

सिडनी, मूळचा कोल्हापूरचा

दक्षिण गोलार्धात मोरीतलं पाणी उलटं फिरतं म्हणतात. बाबा कोल्हापुरात, मी इथे, दोघांकडे तळाला भोक पाडलेले गोल टब आणि मध्ये व्हिडिओ कॉल. दोन्हीकडे पाणी एकाच दिशेने फिरलं. बाबांनी लगेच जाहीर केलं, पृथ्वी फिरत नाही.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याची वाट वळते, हा कोरिऑलिस परिणाम खरा आहे, पण टबात तो नगण्य. नळी ज्या बाजूने धरून पाणी भराल, तो फेरा पाण्यात कितीतरी वेळ शिल्लक राहतो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अ‍ॅशर शापिरो यांनी सहा फूट व्यासाची टाकी भरून २४ तास पाणी स्थिर होऊ दिलं, तेव्हा कुठे ते घड्याळाच्या उलट दिशेला फिरलं. १९६५ मध्ये इथल्या सिडनी विद्यापीठात तसाच प्रयोग झाला, तिथे घड्याळाच्या दिशेने.

तेव्हा आम्हीही पाणी दिवसभर स्थिर होऊ द्यायचं ठरवलं. माझ्याकडे मुलीने टबात बदक सोडलं. बाबांनी गच्चीत टब ठेवला, रात्री वळीव आला. आता त्यांनी टब जिन्याखाली हलवलाय, वर झाकण म्हणून कॅरम बोर्ड. शेजारचे काका रोज संध्याकाळी येतात आणि खेळायला बोर्ड मागतात.