मदत हवी आहे: अंगणातल्या तळ्यासाठी पंप किती लिटरचा घ्यावा? (जुळे सोलापूर)

अंगण:
घरापुढे तळं बांधून झालंय. आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट खोल. एका टोकाला दगड रचून शहाबादी फरशीचा १ फूट रुंद धबधबा केलाय, फरशीची कड पाण्यापासून ४ फूट वर. पाइप १२-१३ फूट लागेल. ८ गोल्डफिश, थोडे गप्पी, एका कुंडीत कुमुदिनी. पाणी बोअरचं. दुकानदाराने तीन पर्याय दिलेत: कूलरचा पंप, तासाला ३,००० लिटर आणि ३ मीटर हेड (पाणी चढवायची कमाल उंची) लिहिलेला सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारा), नाहीतर सरळ अर्धा एचपीची ओपनवेल (विहिरीत बुडवायची) मोटार. २४ तास चालवायचाय. काय घ्यावं?

काळी माती:
आधी पाणी मोजू. ८×५×२ म्हणजे ८० घनफूट, गुणिले २८.३ म्हणजे २,२६४ लिटर. दगड, कुंडी वजा जाता २,००० धरा. मासे आहेत तर हे पाणी एक ते दोन तासांत एकदा फिरायला हवं. पण तुमचा पंप ठरवणार तो धबधबा. फरशीवरून सलग पातळ पडदा पडायला कडेच्या दर इंचाला तासाला २००-२५० लिटर लागतात, म्हणजे १२ इंचांना २,४०० ते ३,०००. याहून कमी आलं की पाणी फरशीच्या खालच्या अंगाला चिकटून मागे दगडांत मुरतं आणि तळं रोज उतरत राहतं. फरशीच्या खालून, कडेपासून अर्धा इंच आत, कटरने एक आडवी खाच मारून घ्याच. पाणी तिथे तुटतं.

आता खोक्यावरचे आकडे. ३,००० लिटर हे शून्य उंचीवरचे, आणि ३ मीटर ही ती उंची जिथे पाणी यायचंच थांबतं. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. तुमची उंची १.२ मीटर, एक इंची पाइपमधलं घर्षण साधारण ०.४, एकूण १.६ मीटर. तिथे तो पंप १,५०० लिटरच्या आसपासच देईल. ५,००० लिटर, ३.५ मीटर हेडचा घ्या. कूलरच्या पंपाने त्या उंचीवर धार येईल, पडदा नाही.

ओपनवेल मोटार नकोच. अर्धा एचपी म्हणजे नुसत्या शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) ३७३ वॅट, २४ तासांत ९ युनिटच्या वर जातात. शिवाय तेल भरलेली असेल आणि सील गेलं, तर तेलाचा तवंग थेट माशांच्या कल्ल्यांवर.

पाणकणीस:
गणित बरोबर आहे, पण एकच मोठा पंप २४ तास चालवू नका. तो ८०-९० वॅटचा असतो, रोजची २ युनिट. त्यापेक्षा दोन पंप: २५-३० वॅटचा, २,००० लिटरचा लहान पंप फिल्टरसाठी अखंड, आणि धबधब्याचा संध्याकाळी ४ तास. मिळून रोज साधारण १ युनिट. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात दुपारभर धबधबा चालला की पाणी भराभर उडतं, बोअरच्या पाण्यातले क्षार मागे साठतात.

लहान पंप मात्र रात्री कधीही बंद ठेवू नका. २० अंशाला लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. फिल्टरचं पाणी वीतभर उंचीवरून पडू द्या. कुमुदिनी त्या कोपऱ्यापासून लांब, तिला अंगावर उडणारं पाणी सोसत नाही.

अंगण:
दोन पंप पटलं. पण दगडांतून अर्धा इंची पाइप आधीच पुरलाय. चालेल का? आणि लाइट गेल्यावर वरचं पाणी उलटं येईल का?

काळी माती:
अर्धा इंचीतून २,५०० लिटर जाणारच नाहीत, घर्षणातच पंपाचं सगळं हेड संपतं. त्यातून फार तर वायर ओवून घ्या. नवा पाइप बाहेरून, सव्वा इंची. एक इंचीच्या तुलनेत घर्षण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशावर येतं. कोपऱ्याला एल्बो (काटकोनी जोड) टाळा, लवचिक पाइप मोठ्या वळणाने न्या. पाणी कमी करायचं झालं तर कॉक नेहमी बाहेर जाणाऱ्या पाइपवर.

वर खळगा केला असेल आणि पाइपचं तोंड त्यात बुडालेलं असेल, तर पंप थांबताच सायफन होऊन खळगा उलटा रिकामा होतो. तोंड पाण्याच्या वर ठेवा, किंवा वाकाच्या माथ्याला ४ मिलिमीटरचं भोक पाडा.

पाणकणीस:
पंप तळाला टेकवू नका, विटेवर ४-६ इंच उचला. गाळ आत जात नाही, आणि पाइप निसटला तरी माशांपुरतं पाणी उरतं. भोवती भोकाची बादली आणि बाहेरून स्पंज, नाहीतर गप्पीची पिल्लं ओढली जातात. बोअरच्या जड पाण्याने इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यावर) पांढरा थर चढतो, धार बारीक होते, मग गुरगुर सुरू होते. दोन महिन्यांनी इम्पेलर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, ब्रशने घासा, धुवून बसवा. हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढायचा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पंप सुरूच करू नका. वायरचा जोड पाण्यात नको, प्लगपाशी येण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही.