जोसेफ कॉर्नेलच्या पेट्या ऑनलाइन नीट बघायच्या तर सुरुवात कुठून करावी?

हळदपेठ (सांगली)
नमस्कार. कलेच्या फाउंडेशनच्या वर्गाला असेंब्लाज (सापडलेल्या वस्तू जुळवून केलेली कलाकृती) शिकवताना अमेरिकन कलाकार जोसेफ कॉर्नेलपासून सुरुवात करायची आहे. वस्तू आणि कात्रणं आत मांडलेली त्याची मूळ पेटी इथं कुठं बघायला मिळणार, जे काही आहे ते ऑनलाइनच. पण गुगलवर नाव टाकलं की त्याच त्या दहा-बारा पेट्या फिरून फिरून येतात. निम्म्या पिंटरेस्टवरच्या, साल, माप, संग्रहालय कशाचाच पत्ता नाही. मोठे फोटो मिळतील का? ए-३ वर छापून वर्गात लावता येतील का? नंतर पोरांकडून एकेक पेटी करून घ्यायची आहे, त्यासाठी मापंही हवीत.

दप्तरी (सातारा)
आधी पिंटरेस्ट बंद करा. तिथं कॉर्नेल म्हणून जे फिरतं त्यात चाहत्यांनी अलीकडे केलेल्या पेट्या बऱ्याच मिसळल्या आहेत. ज्या फोटोला संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक नाही तो वर्गात दाखवू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

पहिला मुक्काम शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटची साइट. बर्गमन दांपत्याने दिलेला कॉर्नेलचा मोठा साठा तिथं आहे. पेटीच्या नावाने शोधत बसू नका, कारण बऱ्याच पेट्या 'अनटायटल्ड' म्हणूनच नोंदलेल्या असतात आणि खरी ओळख पुढच्या कंसात असते. कलाकाराचं पान उघडा आणि मग मालिकेचा शब्द टाका: सोप बबल सेट, एव्हिअरी, डव्हकोट, हॉटेल, मेडिची. एकाच नावाच्या अनेक पेट्या निघतील, म्हणून वहीत नाव लिहिण्याआधी नोंदणी क्रमांक लिहा. १९४२-५३ असं लांबलचक साल दिसलं तर दचकू नका. न्यूयॉर्कच्या मोमामधल्या (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) २१ होकायंत्रांच्या पेटीचं साल तसंच आहे. काही पेट्या तो वर्षानुवर्षं हाताळत राहायचा.

मोमाच्या साइटवर जुन्या प्रदर्शनांचा वेगळा विभाग आहे आणि बहुतेक लोक तो उघडतच नाहीत. १९३६ चं 'फँटास्टिक आर्ट, दादा, सर्रिअलिझम' आणि १९६१ चं 'द आर्ट ऑफ असेंब्लाज' ही दोन्ही तिथं सापडतील. कॅटलॉगची पीडीएफ, कामांची यादी आणि दालनाचे फोटो फुकट. दालनाचे फोटो जरूर दाखवा. सुटा फोटो बघून पोरांना वाटतं पेटी दाराएवढी असेल. भिंत आणि स्टँड शेजारी दिसले की खरा आकार कळतो.

मोमाने आपल्या संग्रहाची अख्खी यादी सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून गिटहब या साइटवर ठेवली आहे. फोटो नाहीत, पण माप, साहित्य, साल, क्रमांक सगळं आहे. ती एक्सेलमध्ये थेट डबल क्लिक करून उघडू नका. तिथले क्रमांक आकडा, टिंब आणि मग साल अशा घाटाचे असतात, एक्सेल त्यांना दशांश समजतो आणि १९५० मधलं शेवटचं शून्य गिळतो. मग तो क्रमांक साइटवर शोधला तर काहीच सापडत नाही. डेटा इम्पोर्टमधून जा, यूटीएफ-८ निवडा आणि क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करा.

आता खरा खजिना. स्मिथसोनियनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये कॉर्नेलची कागदपत्रं आहेत, सुमारे २५ रेखीय फूट, म्हणजे खोके ओळीने ठेवले तर एवढी लांब रांग. डायऱ्या, पत्रव्यवहार, आणि कात्रणांच्या फायली, ज्यांतून पेट्या जन्मल्या. पाकिटांच्या पाठीवर आणि चिठोऱ्यांवर लिहिलेल्या नोंदीसुद्धा. स्कॅन घरबसल्या बघता येतात. हस्ताक्षरातला मजकूर शोधखिडकीला वाचता येत नाही, म्हणून शब्द टाकून काही हाती लागलं नाही तर 'नाहीच' असं समजू नका. आधी साठ्याची सूची उघडा, तिच्यातून मालिका निवडा, मग फोल्डर, मग एकेक पान. सूचीत 'बॉक्स' म्हणजे अभिलेखागाराचा पुठ्ठ्याचा खोका, कॉर्नेलची पेटी नव्हे. पोरं हमखास घोटाळा करतात. स्मिथसोनियनच्याच अमेरिकन आर्ट म्युझियममधलं कॉर्नेल स्टडी सेंटर हा वेगळा साठा आहे. तिथं त्याच्या कार्यशाळेतल्या वस्तू आणि पुस्तकं आहेत. दोन्हींच्या नोंदी एका यादीत कालवू नका.

जाता जाता: त्याला सरळ 'सर्रिअलिस्ट' (अतिवास्तववादी) म्हणून मोकळं होऊ नका. १९३२ मध्ये ज्युलियन लेव्हीच्या गॅलरीतल्या अतिवास्तववादी प्रदर्शनात त्याची कामं होती हे खरं, पण १९३६ मध्ये त्यानेच मोमाचे संचालक आल्फ्रेड बार यांना पत्रातून कळवलं की सुप्त मन आणि स्वप्नांचे सर्रिअलिस्टांचे सिद्धांत आपले नव्हेत.

मिरजेचा
फोटो लहान असेल तर एआय अपस्केलरमधून काढा, चौपट होतो. विषय संपला.

दप्तरी (सातारा)
नको. त्या पेट्यांत रंगाच्या भेगा, काचेवरचे चरे, जुन्या नकाशावरची बारीक अक्षरं हाच तर ऐवज आहे. अपस्केलर भेगा गुळगुळीत करतो आणि अक्षरांच्या जागी अक्षरांसारखं काहीतरी रचून देतो. पोरं ते मूळ समजून वहीत उतरवतील.

अजिंक्यतारा
छपाईचं गणित. शिकागोच्या साइटवर नेहमी मिळणारा फोटो ८४३ पिक्सेल रुंदीचा असतो, आणि ज्या कामाचे हक्क अजून बाकी आहेत त्याचा फार मोठा मिळत नाही. ए-३ ची रुंदी २९.७ सेंमी, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल. चौकोन चौकोन दिसणार. १५० ने छापलं तर १४.३ सेंमी रुंदी मिळते. म्हणजे ए-५ कागदावर प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत द्या आणि मोठं दाखवायचं ते प्रोजेक्टरवर. १९६१ च्या कॅटलॉगमधली चित्रं छापील ठिपक्यांची आहेत, तशीच लेसरवर काढली तर लाटा उमटतात. आधी थोडं ब्लर करा, मग आकार निम्मा करा, मग छापा.

हक्कांचं: कॉर्नेल २९ डिसेंबर १९७२ ला गेला. आपल्या कॉपीराइट कायद्यात मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०३२ अखेरपर्यंत हक्क शाबूत. वर्गात शिकवण्यासाठी आणि स्वतःच्या अभ्यासासाठी कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. वार्षिक प्रदर्शनाचा फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका, इन्स्टाची जाहिरात त्यात बसत नाही. २०२० मध्ये स्मिथसोनियनने लाखो चित्रं खुली केली, पण कॉर्नेलची पेटी त्यांच्या साइटवर दिसते म्हणून ती खुली झाली असं नाही. प्रत्येक पानावरची हक्कांची ओळ वाचा.

मोठं चित्रच हवं असेल तर पेटीच्या मुळाशी जा. १९४२ च्या 'मेडिची स्लॉट मशीन'मधला मुलगा हा सोफोनिस्बा अँग्विसोलाने १५५७ मध्ये केलेल्या मास्सिमिलियानो स्टाम्पाच्या व्यक्तिचित्रातला. मूळ चित्र बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये आहे आणि त्याचा मोठा फोटो तिथून विनाअट उतरवता येतो. चित्रकार हुआन ग्रिसला वाहिलेल्या काकाकुव्यांच्या पेट्यांचं मूळ म्हणजे ग्रिसचं १९१४ चं कॅफेतल्या माणसाचं चित्र. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बघा. मूळ आणि पेटी शेजारी शेजारी ठेवली की कॉर्नेलने काय कापलं आणि काय वगळलं ते पोरं स्वतःच सांगतील. माझ्या मते हाच वर्गातला सगळ्यात चांगला तास होईल.

वखारभाग
मापांबद्दल. संग्रहालयं उंची × रुंदी × खोली या क्रमाने लिहितात. आपला सुतार लांबी, रुंदी, उंची असं वाचतो आणि पेटी आडवी-उभी करून ठेवतो. मोमातली 'तालिओनीज ज्वेल कास्केट' (१९४०) १२ × ३०.२ × २१ सेंमी आहे, म्हणजे उंची फक्त १२. फोटोत झाकण उघडं असल्याने ती बरीच उंच वाटते. सुताराकडे जाण्याआधी त्या मापाचा पुठ्ठ्याचा सांगाडा वर्गातच करून घ्या. फोटोत खोली कळत नाही, सांगाड्यात हात घातला की कळते.

मूळ कागद चिकटवू नका, प्रत चिकटवा. कॉर्नेलसुद्धा फोटोस्टॅटच वापरायचा. इंकजेटची प्रत खळीला लागली की रंग फुटतो, झेरॉक्स किंवा लेसरची टिकते. फेव्हिकॉल जाड लावला की कागदाला सुरकुत्या येतात. मैद्याची पातळ खळ करा, बायंडर घालतात तसं कसरीसाठी चिमूटभर मोरचूद घाला (विषारी आहे, हात धुवायला लावा), आणि वजनाखाली रात्रभर ठेवा.

वस्तूंसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चक्कर मारा. मोडक्या खुंट्या, भोपळ्याच्या फुटक्या कडा, तारांची भेंडोळी मागितली तर मिळतील. भोपळा कडक उन्हात चांगला तापवून घ्या, नाहीतर भुंगा लागतो.

हळदपेठ (सांगली)
छान, भरपूर मिळालं. काच आधी बसवायची की शेवटी?

वखारभाग
काच आधी, पाठ शेवटी. फ्रेमवाल्याकडची २ मिमी काच घ्या, खाच ३ मिमीची ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तंग बसलेली काच तडकते. पाठीला खिळे नकोत, चार स्क्रू लावा. आतलं काहीतरी सुटणारच, तेव्हा काचेला हात न लावता मागून उघडता येईल.