जुनी व्हीएमसी आणि लेथ रिकंडिशन करून पहिल्यांदाच एक्स्पोर्ट करतोय, कुठे फसायला होतं?

जुना_लेथ:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं भाऊ जुन्या मशिनी घेऊन रिकंडिशन करतो, आजवर सगळ्या देशातच विकल्या. आता केनियातल्या एका जॉबवर्कवाल्याला २००८ ची एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि दोन लेथ पाहिजेत, आणि त्याच्याच ओळखीतून व्हिएतनामचा एक जण पण विचारतोय. मशिनींची मला काळजी नाही, स्पिंडल बेअरिंग नवीन टाकलेत, स्लाइडवे हाताने स्क्रेप केलेत, बॅकलॅश (स्क्रूमधला ढिलेपणा) काढलाय. काळजी आहे ती कागदांची आणि पैशाची. केनियावाला म्हणतो ३० टक्के ॲडव्हान्स घ्या, बाकीचे मशीन तिकडे चालू झाल्यावर देतो. माणूस बोलायला चांगला वाटतो पण एवढा पैसा अडकला तर आमचा धंदाच बसेल. कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

स्क्रेपर_काका:
पैशाच्या आधी ती मशीन त्या देशात उतरू शकते का ते बघा. केनियात पीव्हीओसी आहे, म्हणजे माल निघायच्या आधी इकडेच त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडून तपासून घ्यायचा आणि सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी मिळवायचं, ते नसेल तर माल तिकडे बंदरात अडकतो आणि डेमरेज (माल पडून राहिल्याचा दंड) चढत राहतं. व्हिएतनामचं अजून कडक. २०१९ च्या त्यांच्या नियमानुसार जुनी मशीन साधारण १० वर्षांच्या आतलीच चालते, काही ठरावीक मेकॅनिकल मशिनींना २० वर्षांपर्यंत सूट आहे पण तुमचा एचएस कोड (कस्टममधला मालाचा वर्गीकरण क्रमांक) त्या यादीत बसला पाहिजे. शिवाय घेणारा स्वतःच्या कारखान्यात वापरणार असेल तरच, पुढे विकायला आणता येत नाही. म्हणून त्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा की मशीन तू चालवणार का विकणार. आणि मूळ नेमप्लेट काढू नका, रंग मारताना पोरं ती पुसून टाकतात, वय तिच्यावरूनच बघतात.

सर्व्हिसवाला:
कागदांचं काकांनी सांगितलं, मी मशीनबद्दल बोलतो कारण दादा तुम्ही लिहिलंय मशिनींची काळजी नाही आणि मला तिथेच भीती वाटली. आमचं एक टर्निंग सेंटर गोदाम, जहाज, बंदर असं करत जवळपास चार महिने बंद राहिलं, तिकडे पॉवर दिली तर कंट्रोलची बॅटरी मेलेली आणि पॅरामीटर सगळे गेलेले. घेणाऱ्याने कर्ज काढून मशीन घेतलेली, रोज फोन करायचा, मला अजून तो आवाज आठवतो. शेवटी आमचा माणूस विमानाने पाठवला तेव्हा चालू झाली. तेव्हापासून पॅकिंगच्या आधी पॉवर चालू ठेवूनच बॅटरी बदलतो (बंद करून बदललीत तर तिथेच मेमरी उडू शकते), एन्कोडरच्या (जागा मोजणाऱ्या सेन्सरच्या) बॅटऱ्या पण, आणि पॅरामीटर, लॅडर (मशीनचा लॉजिक प्रोग्राम), पिच एरर (स्क्रूच्या चुकीची दुरुस्ती) सगळ्याचा बॅकअप कार्डवर, एक कॉपी मशीनसोबत एक आपल्याकडे. अजून एक, काही जपानी मशिनी हलवल्या की स्वतःहून लॉक होतात, कंपनीकडून कोड घेतल्याशिवाय चालत नाहीत, ते इकडे असतानाच विचारून घ्या. आणि तिकडची पॉवर कागदावर मागवा. केनियात ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झ आहे, तुमची व्हीएमसी मुळात अमेरिकेतली ४६० व्होल्ट ६० हर्ट्झची असेल तर ट्रान्सफॉर्मरचे टॅप बघावे लागतील. स्पिंडल आणि सर्व्हो ड्राइव्हवर असतात त्यांना हर्ट्झचा फरक पडत नाही, पण कूलंट पंपाची डायरेक्ट चालणारी मोटर चार पोलची असेल तर १८०० ऐवजी १५०० च्या हिशोबाने फिरते, फ्लो सहाव्या हिश्श्याने कमी. हायड्रॉलिक पंपाचं पण तसंच.

बीएल_बघणारा:
"चालू झाल्यावर देतो" याला हो म्हणू नका. तिकडे फोरमनने उलटा फेज जोडला तरी मशीन खराब म्हणून तुमचे पैसे थांबतील. ३० ॲडव्हान्स, ७० बीएलची (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) कॉपी दाखवून आणि पैसे आल्यावरच ओरिजिनल बीएल द्यायची. त्याची भीती पण खोटी नाही हो, तो न बघता जुनी मशीन घेतोय. मग पॅकिंगच्या आधी त्याला माणूस पाठवू द्या नाहीतर थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, त्याच्याच ड्रॉइंगचा एक जॉब कापून मोजमाप दाखवा, मोठे खरेदीदार यावर तयार होतात असा माझा अनुभव आहे. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैशाची हमी) असेल तर कन्फर्म्ड (दुसऱ्या बँकेनेही हमी दिलेली) आणि ॲट साइट (कागद दाखवल्यावर लगेच पैसे) घ्या. बँक फक्त कागद बघते, मशीन नाही, त्यामुळे एलसीत "युज्ड" असेल तर इनव्हॉइसवर "रिकंडिशन्ड" लिहू नका, शब्द तोच पाहिजे. शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद बँकेत.

जुना_लेथ:
खूप आभार सगळ्यांचे. बॅटरीचं खरंच डोक्यात नव्हतं. आज त्याच्याकडून पॅनेलचा फोटो आणि व्होल्टेज मागवतो, व्हिएतनामवाल्याला पण विचारतो. पॅकिंगला साधा लाकडी क्रेट चालेल ना?

स्क्रेपर_काका:
साधा नको. आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असलेलं लाकूडच घ्या, म्हणजे आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं. हाय क्यूब कंटेनरचं दार साधारण २.५८ मीटर उंच असतं, व्हीएमसीची झेडची मोटर काढून मोजा, नाही बसली तर ओपन टॉप बघावा लागेल. स्लाइडवेला गंजरोधक तेल आणि व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारी) फिल्म, कूलंट पूर्ण काढून टाका, रात्री कंटेनरच्या छताला पाणी धरतं आणि तेच खाली टपकतं. हेडखाली लाकडी ठोकळा द्यायला विसरू नका.