मुलींसाठी जादा जागा, एल सीट: हव्यात की नकोत?

रानजाई
इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दरवर्षी एकच वाक्य येतं, "मुलींचं काय, एल सीटवर कमी पर्सेंटाइलला पण लागतो नंबर." यंदा मामेबहिणीला कॉम्प्युटर ब्रांच मिळाली तर अभिनंदनाच्या आधी हेच. म्हणून धागा काढतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सीईटीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेशात मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात, कटऑफच्या यादीत जी म्हणजे जनरल आणि एल म्हणजे लेडीज. आयआयटीचा प्रकार वेगळा. २०१७ मधे तिथे शंभरात जेमतेम नऊ मुली होत्या, मग २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, आधी १४ टक्क्यांचं टार्गेट, नंतर १७ आणि २०२० ला २०.

माझं मत, या जागा हव्यातच. आमच्या बारावीच्या क्लासला साडेसातला लेक्चर संपायचं आणि मग सर फळ्यापाशी थांबून डाउट घ्यायचे. खरं गणित तिथे कळायचं, एकच इंटिग्रल तीन पद्धतीने कसं सुटतं, कुठली पद्धत पेपरात वेळ खाईल वगैरे. आणि नेमकं तेव्हाच खाली सगळ्यांचे बाबा गाड्या घेऊन उभे, फोनवर फोन, की आम्ही मुली वह्या कोंबून निघालो. मुलं नऊ साडेनऊपर्यंत तिथेच. फी दोघांची सारखीच होती. मग वर्षाच्या शेवटी दोघांचे पर्सेंटाइल शेजारी ठेवून मेरिट मेरिट करायचं हे मला पटत नाही.

सह्याद्री
ताई, राग मानू नका पण दुसरी बाजू पण ऐका. माझ्या मुलाची ब्रांच थोडक्यात हुकली आणि त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलीला त्याच कॉलेजात तीच ब्रांच मिळाली. ती मुलगी पुण्याची, आईवडील दोघं आयटीत, घरी स्वतंत्र खोली. आमचं घर परभणीकडे, कापसावर चालतं, पोराने लातूरला कॉट बेसिसवर राहून दोन वर्षं काढली, मेसचं खाऊन आजारी पडला तरी टेस्ट चुकवली नाही. यात मागे कोण राहिलंय ते सांगा. मुलींना क्लासला थांबू देत नाहीत हा त्यांच्या घरचा प्रश्न झाला, त्याची भरपाई माझ्या मुलाने का करायची?

जुनाकॉम्प्युटरवाला
दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. आयआयटीतल्या जागा सुपरन्यूमररी आहेत, म्हणजे वरून वाढवलेल्या, मुलांच्या आधीच्या जागा तेवढ्याच ठेवून. शिवाय मुलीलाही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या रँक लिस्टमधे यावंच लागतं, त्या लिस्टचा कटऑफ मुलगी म्हणून कमी होत नाही. तिथे कुणाची जागा कुणी घेतली असं म्हणता येत नाही. सीईटीत मात्र ३० टक्के आहे त्याच जागांतून जातात, त्यामुळे सह्याद्रींची तक्रार तिथे लागू पडते हे मान्य करायला हवं. फक्त एवढं की मुली कमी पडल्या तर त्या एल सीट मुलांनाच मिळतात, रिकाम्या ठेवत नाहीत.

अबोली
मी मुलगी आहे, इंजिनिअर आहे आणि तरी माझा या जागांना विरोध आहे. मला जनरलमधून सीट मिळाली होती पण पहिल्या वर्षी व्हायव्हाला, ग्रुप करताना, सगळीकडे गृहीत धरलेलं की ही एलवाली. प्रत्येकाला अलॉटमेंट लेटर दाखवत फिरायचं का? गणितात जी खरोखर मोठी नावं आहेत त्यांना कुणी कोटा दिला? इराणच्या मरियम मिर्झाखानीला २०१४ मधे फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सर्वात मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळालं, ते मिळवणारी पहिली बाई. आपल्याकडे कोलकात्याच्या आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) नीना गुप्ता, झारिस्की कॅन्सलेशन या बीजगणितातल्या अवघड प्रश्नावरच्या कामासाठी जगभर नाव आहे. जे करायचं ते सातवी आठवीत करा, तिथे मुलीच्या मनातून गणित उतरतं, अठराव्या वर्षी सीट देऊन काय होणार.

रानजाई
अबोली, मिर्झाखानीचं उदाहरण तू घेतलंस ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. ती तेहरानच्या फरझानेगान शाळेत होती, हुशार मुलींसाठी सरकारने चालवलेली वेगळी शाळा. तिथे तिने आणि तिच्या मैत्रिणीने मुख्याध्यापिकेकडे जाऊन मागणी केली की मुलांच्या शाळेत प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचे वर्ग होतात तसे आम्हालाही पाहिजेत, आणि बाईंनी ते सुरू करून दिले. तोवर इराणच्या गणित ऑलिम्पियाडच्या टीममधे एकही मुलगी गेली नव्हती. १९९४ ला या दोघी गेल्या, मिर्झाखानीला गोल्ड, पुढच्या वर्षी पैकीच्या पैकी मार्क. आता ही मुलगी मुळात हुशार नव्हती असं कोण म्हणेल? पण कुणीतरी मुद्दाम मुलींसाठी जागा केली म्हणून ती हुशारी दिसली. आपल्याकडेही २०१५ पासून युरोपियन गर्ल्स ऑलिम्पियाडला चौघींची टीम जाते, वेगळी टीम आहे म्हणूनच नववी दहावीच्या मुलींना वाटतं की ही परीक्षा आपल्यासाठी पण आहे. सातवी आठवीत करा हे एकदम मान्य. पण आज जी बारावीत आहे तिने काय करायचं, तिची आठवी तर होऊन गेली.

काजवा
मी भरतीचे इंटरव्ह्यू घेते म्हणून लिहितेय. सीट मिळाली की संपलं असं दोन्ही बाजू धरून चालल्यात. फायनल इयरच्या प्रोजेक्टवर विचारलं की मुली हमखास म्हणतात "मी ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट) आणि पीपीटी केलं". चौघांचा ग्रुप, दोन मुलं कोड लिहिणार, मुलीचं अक्षर चांगलं आणि ती वेळेत देते म्हणून डॉक्युमेंटेशन तिच्याकडे, आणि कोडचा प्रश्न आला की ती अडकते. हॅकेथॉन म्हणजे कोडिंगच्या स्पर्धा रात्रभर, कोडिंग क्लबची मीटिंग रात्री दहाला, आणि मुलींच्या होस्टेलचं गेट त्याच्या आधी बंद. रानजाईने क्लासचं जे लिहिलंय ते कॉलेजात चार वर्षं तसंच चालू राहतं, मग नोकरीच्या वेळी परत म्हणायचं मुलींना टेक्निकल येत नाही.

सह्याद्री
काजवाताईंचं बरोबर आहे, म्हणूनच म्हणतो, गेट उशिरा बंद करा, लॅब द्या, प्रोजेक्टमधे कुणी काय केलं ते सरांनी तपासावं, यात कुणाचं नुकसान नाही. २०२४ ला सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची फी माफ केली तेव्हा मी स्वतः गावात लोकांना फॉर्म भरून दिले, कारण त्यात ८ लाख उत्पन्नाची अट आहे. एल सीटला पण तशी अट लावा, मग माझी तक्रार नाही.

रानजाई
काका, कापसावर घर चालवून लातूरला दोन वर्षं राहिलेल्या मुलाला वेटेज मिळालं पाहिजे, ती मागणी तुम्ही लावून धरा, मी सही करेन. पण ती एल सीटमधून कापून नको. साडेसातला खाली गाडी घेऊन उभ्या राहणाऱ्या वडिलांमधे डॉक्टर होते, प्रोफेसर होते. त्यांच्या मुलींना पैसा कमी नव्हता, वेळच मिळत नव्हता, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर ते येत नाही.

अबोली
मग निदान अलॉटमेंटच्या यादीत नावासमोर एल छापू नका. सीट द्या, पण ती कुठून मिळाली हे सगळ्या वर्गाला कशाला कळायला पाहिजे? आणि काजवा, इंटरव्ह्यूला "तू काय केलंस" ऐवजी "तू लिहिलेला कोड दाखव" असं विचारत जा, निदान पुढच्या बॅचच्या मुली प्रोजेक्ट सुरू होतानाच एक मॉड्यूल स्वतःकडे मागून घेतील.